टीवायनंतरचा प्रश्न

टीवायच्या, म्हणजे बीएस्सी रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या, प्रॅक्टिकलची शेवटची बॅच उरकली की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी पालक दिसू लागतात. बहुतेक वेळा आईच असते. गेल्या खेपेला एक बाई अंबरनाथहून आल्या होत्या. मागे लेक, तिच्या हातात सही व्हायचं राहिलेलं जर्नल. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. खुर्ची पुढे केली तरी बाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, ही म्हणते एमएस्सी करायचं. अजून दोन वर्षं. घरी म्हणतात, तीन वर्षांचं ठरलं होतं ना? आता तुम्हीच सांगा."

ते "ठरलं होतं" माझ्या डोक्यातून जात नाही, कारण घरोघर हे असंच ठरतं. बारावीचा निकाल लागतो, घरात बैठक बसते, मामा येतो, शेजारचे इंजिनिअर काका फोनवर असतात आणि निकाल लागतो: बीएस्सी, तीन वर्षं. पोरगी एकवीसची झाली की तीच बैठक पुन्हा बसते. या वेळी बैठकीत नवी मंडळी आलेली असतात. धाकट्या भावाची फी, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणीतरी सुचवलेलं एक बरं स्थळ. मुलगी तीच, मार्क आधीपेक्षा चांगले, विषयाची गोडी आत्ता कुठे लागलेली. पण परवानगी पुन्हा पहिल्यापासून मागायची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. रसायनशास्त्राला पाच वर्षांची सलग पदवी हवी, आणि त्याचं पहिलं कारण अभ्यासक्रमात शोधायला जाऊ नका, ते या बैठकीत आहे. अशा सलग, म्हणजे इंटिग्रेटेड, एमएस्सीत घराचा होकार एकदाच घ्यावा लागतो. आधी बीएस्सी, मग एमएस्सी, अशा तीन अधिक दोनच्या वाटेवर तो दोनदा घ्यावा लागतो, आणि दुसऱ्यांदा तो मुलांना जितका सहज मिळतो तितका मुलींना मिळत नाही. रसायनशास्त्राच्या वर्गात माझ्यासमोर मुलीच जास्त बसतात, म्हणून हे मला रोज दिसतं.

मुंबईत अशी पदवी नाही असं नाही. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून 2007 मध्ये कालिन्याच्या आवारात मूलभूत विज्ञानाचं एक केंद्र काढलं. तिथे रसायनशास्त्रासह चार विषयांची पाच वर्षांची इंटिग्रेटेड एमएस्सी आहे. प्रवेश 'नेस्ट' या परीक्षेतून, तीच परीक्षा भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञानसंस्थेलाही चालते. पलीकडे पुण्यात 2006 पासून आयसर ही विज्ञानसंस्था आहे, तिथली पदवीही पाच वर्षांची. शिकवणारी माणसं नामांकित, प्रयोगशाळा चांगल्या. पण कालिन्याच्या केंद्रात चारही विषय मिळून दरवर्षीच्या जागा शंभराच्या आत. विरारपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत पसरलेल्या या महानगराला एवढ्या जागा म्हणजे दर्या में खसखस.

आणि 'नेस्ट'चं नाव तरी कुणाला ठाऊक असतं? एफवायच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी विचारते, जेईई कुणी दिली, नीट कुणी दिली, सीईटी कुणी दिली. हातच हात. 'नेस्ट' म्हटलं की एखादा हात, कधी तोही नाही. आमच्याकडे बसलेली बहुतेक मुलं खरं तर हुकलेली असतात. इंजिनिअरिंग हुकलं, मेडिकल हुकलं, फार्मसीची फी परवडली नाही, मग बीएस्सी. यात लाजायचं काही नाही. मग एसवायला कधीतरी ऑरगॅनिकमधल्या इलेक्ट्रॉनांच्या बाणांची गंमत कळते, एखाद्याला क्वांटमची भूल पडते आणि विसाव्या वर्षी त्याला वाटू लागतं की हेच करायचं होतं आपल्याला. तोवर सतराव्या-अठराव्या वर्षी उघडणारं ते दार बंद झालेलं असतं.

म्हणजे माझ्याच म्हणण्यातली ही पहिली अडचण. प्रश्न एकदाच विचारायचा म्हटलं तर तो योग्य वेळी विचारायला हवा, आणि रसायनशास्त्राची आवड पुष्कळांना उशिरा लागते. त्यावर थोडं पुढे बोलते.

आता नवं शैक्षणिक धोरण बघा. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत ते 2023 मध्ये आलं, संलग्न महाविद्यालयांत जून 2024 मध्ये. तेव्हा एफवायला बसलेली पोरं 2027 मध्ये तिसरं वर्ष संपवतात. त्यांच्यापुढे कागदावर वाटाच वाटा आहेत. एका वर्षानंतर बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स. चौथ्या वर्षाला संशोधन हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरांत 75 टक्के हवेत. चार वर्षं केलेल्याला पुढे एका वर्षात एमएस्सी, तीन वर्षं केलेल्याला दोन वर्षांत. मधेच सोडलं तर तीन वर्षांत परत यायची मुभा, आणि सगळं मिळून सात वर्षांत पुरं करायचं. हेतू चांगला आहे. अडलेल्या मुलाच्या हातात निदान एखादा कागद तरी पडावा, याला कोण नाही म्हणेल?

पण आमच्या स्टाफरूमच्या दारातून हेच धोरण वेगळं दिसतं. आधी घरची बैठक दोनदा बसायची, आता ती दर मे महिन्यात बसणार. "सर्टिफिकेट मिळतंय ना, मग पुरे" हे वाक्य बोलायला घराला आता अधिकृत जागा मिळाली. आणि दोन वर्षं रसायनशास्त्र शिकून डिप्लोमा घेतलेल्या मुलाला एमआयडीसीत कोण विचारणार आहे? कारखान्याच्या गेटवर बीएस्सी कळतं, एमएस्सी कळतं, केमिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा कळतो. हा नवा डिप्लोमा म्हणजे काय, ते एचआरच्या माणसाला समजावता समजावता पोराची मुलाखत संपेल. परत येण्याच्या मुभेचं म्हणाल, तर माझ्या नोकरीत मधेच सोडून गेलेले आणि पुन्हा बाकावर येऊन बसलेले विद्यार्थी मी एका हाताच्या बोटांवर मोजते, आणि तरी बोटं उरतात.

हे सगळं कुठल्याही विषयाबद्दल म्हणता येईल, मग रसायनशास्त्राचंच का बोलतेस, असं माझा इतिहास शिकवणारा सहकारी विचारतो. बरोबर विचारतो.

माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये एक ग्रिन्यार अभिक्रिया होती. मॅग्नेशियमचे कातरे, कोरडं ईथर, हॅलाइड. कागदावर दोन ओळींची अभिक्रिया, व्हिक्टर ग्रिन्यारला 1912 मध्ये तिच्याबद्दल नोबेल मिळालं. अट एकच, पाण्याचा अंशही चालत नाही. महिना जुलै, गाव मुंबई. खिडकीबाहेर पाऊस, आत भिंतींना ओल. ईथरमध्ये सोडियमची तार सोडून ते वाळवत होते. हवेतली ओल अडवणाऱ्या गार्ड ट्यूबमध्ये सकाळी भरलेलं कॅल्शियम क्लोराइड दुपारपर्यंत पाझरायचं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आयोडिनचा खडा टाकला, तरी ढिम्म. तिसऱ्या दिवशी फ्लास्क हातांच्या ओंजळीत धरून ऊब दिली, मनात नको नको ते बोलून घेतलं. चौथ्या दिवशी सगळी काच रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलेली काढली, गरम असतानाच जोडली आणि थेंब थेंब हॅलाइड सोडत बसले. आयोडिनचा तपकिरी रंग एकाएकी उडाला, द्रावण राखाडी ढगासारखं झालं आणि खाली ज्योत नसताना ईथर आपलं आपण उकळायला लागलं. प्रयोगशाळेत मी एकटीच होते. मोठ्यानं हसले ते आठवतं.

ग्रिन्यारला पाणी का चालत नाही हे मी त्याआधी दोनदा परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. कळलं त्या चार दिवसांत.

आता आमच्या वेळापत्रकात बघा. प्रॅक्टिकल तीन तासांचं. त्यातला अर्धा तास हजेरी आणि सामान देण्यात जातो, शेवटचा अर्धा तास भांडी धुण्यात. उरलेल्या दोन तासांत जमेल तेवढंच रसायनशास्त्र आम्ही शिकवतो. जी अभिक्रिया रात्रभर ढवळावी लागते, मिश्रण वेगळं करणारा जो कॉलम उतरायला दोन दिवस लागतात, जे स्फटिक आठवडाभर थंडीत वाट बघायला लावतात, ती सगळी अभ्यासक्रमातून आपोआप गळतात. आणि जमण्यासारखं जे उरतं त्याचं काय होतं? टायट्रेशनला तीन रीडिंग जुळायला हवीत, मग जर्नलात 10.2, 10.2, 10.2. ब्यूरेटची चावी एकदाच फिरवलेली असते. मी लाल पेननं गोल करते, पोरं हसतात, मीही हसते. टायट्रेशन संपल्याची खूण म्हणजे फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी, तो इतका फिका असायला हवा की पांढऱ्या टाइलवर धरल्याशिवाय दिसू नये. आमच्याकडे फ्लास्क गुलाबजामच्या पाकासारखे दिसतात.

स्फटिक पडत नसेल तर काचेच्या कांडीनं फ्लास्कची आतली बाजू हलकेच घासायची, हे मला एका वयस्क लॅब असिस्टंटनं दाखवलं होतं. तो स्वतः दहावी शिकलेला. असलं ज्ञान तासाच्या घंटेवर दिलं जात नाही. ते कुणाच्या तरी शेजारी बराच काळ उभं राहून मिळतं. म्हणून वर्षं सलग हवीत, आणि त्यातलं शेवटचं तरी पूर्णपणे प्रयोगशाळेत जायला हवं. कीर्तन ऐकून पेटी वाजवता येत नाही, तसंच हे.

तीन अधिक दोनमध्ये त्या दोन वर्षांचंही होतं काय ते सांगते. टीवायचा निकाल, मग प्रवेशाच्या याद्या, मग तक्रारी, मग पुन्हा याद्या. एमएस्सीचा वर्ग खऱ्या अर्थानं भरेपर्यंत पावसाळा निम्मा सरलेला असतो. वर्गात पंचवीस महाविद्यालयांची मुलं, कुणी सिक्स युनिटवाला, म्हणजे टीवायला मुख्य विषय एकटं रसायनशास्त्र असलेला, कुणी थ्री युनिटवाला, म्हणजे जोडीला दुसरा विषय असलेला, कुणी अप्लाइड कंपोनंट या जोडविषयात ड्रग्ज अँड डाईज केलेला, कुणी आणखी काही. सगळ्यांना एका रेषेवर आणण्यात पहिलं सेमिस्टर जातं, म्हणजे टीवायच पुन्हा शिकवलं जातं. तिसऱ्या सेमिस्टरला शाखा निवडायची, ऑरगॅनिक, इनऑर्गॅनिक, फिजिकल की अॅनालिटिकल. हाताला वळण लागतंय म्हणेपर्यंत चौथं सेमिस्टर संपतं. ज्यांना आयआयटीत एमएस्सी करायचं असतं त्यांचं टीवायचं वर्ष तर 'जॅम' या प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्येच जातं. ती मुलं हुशार असतात, पण त्या वर्षी त्यांना प्रयोगशाळा म्हणजे क्लासमध्ये पडलेला खाडा वाटते. मधली भिंत काढली की हे दोन्ही तोटे टळतात. सलग पदवीचा शैक्षणिक फायदा म्हणतात तो मुख्यतः एवढाच, आणि तो लहान नाही.

दुसरी बाजू मला सांगितली ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं. तो टीवायनंतर लगेच तळोज्याला क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, लागला, शिफ्ट केल्या, हळूहळू वर चढला, आज स्वतः माणसं घेतो. कॉलेजात भरतीसाठी आला होता. माझं हे पाच वर्षांचं पुराण ऐकून म्हणाला, "मॅडम, ज्याच्या घरी चूल पेटलेली असते त्याला पाच वर्षं बसता येतं. मला एकविसाव्या वर्षी पगार हवा होता." आणि वर म्हणाला, "शिवाय तुमची एमएस्सी झालेली पोरं येतात, डायल्युशन विचारलं की गडबडतात. मी बीएस्सीवाला घेतो आणि स्वतः शिकवतो."

दोन्ही वार बरोबर जागी बसले. दुसऱ्याचं उत्तर मी वर दिलं आहे. ज्या एमएस्सीत हातानं काही केलेलंच नसतं ती पाच वर्षांची असो की सात, डायल्युशन चुकणारच. पहिल्याचं उत्तर पैशांत द्यावं लागतं, आणि शिक्षणाबद्दल लिहिणारी माणसं नेमकी तिथेच गप्प बसतात. सलग पदवीला विद्यावेतन जोडलं नाही, तर तो घरात चूल पेटलेल्यांचा क्लब होतो.

केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. वर्षाला 80,000 रुपये, त्यातले 60,000 हातात आणि 20,000 उन्हाळी संशोधनासाठी. महिन्याला हातात 5,000 पडतात. अंबरनाथच्या त्या बाईंना हा आकडा सांगितला तर घरातली बैठक वेगळी बसेल, याची मला खात्री आहे. पण ती मिळते बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना, मोठ्या प्रवेशपरीक्षांत वर आलेल्यांना आणि आयसर-नायसर-कालिन्याचं केंद्र अशा संस्थांतल्या मुलांना. विसाव्या वर्षी गोडी लागलेल्या मुलाला त्या यादीत जागा नाही. बारावीला तो कुठे होता यावर त्याचा पंचविशीपर्यंतचा हिशेब लागलेला असतो.

इंग्लंडात रसायनशास्त्राची सलग मास्टर्स पदवी आहे, तिला एमकेम म्हणतात. तिथे ती चार वर्षांची, स्कॉटलंडमध्ये पाच. शेवटचं वर्ष बरंचसं संशोधनाचं, काही ठिकाणी मधे एक वर्ष उद्योगात काढायची सोय. ती तिथे का रुजली याची कारणं लोक अभ्यासक्रमात शोधतात. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. सलग पदवीला पहिल्या वर्षाचंच विद्यार्थी-कर्ज शेवटच्या वर्षापर्यंत चालतं. वेगळी मास्टर्स करायची तर वेगळ्या कर्जासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. म्हणजे तिथेही फरक पडला तो परवानगी दोनदा मागावी न लागण्याचाच. आपल्याकडे परवानगी बाबांकडून घ्यायची, तिकडे कर्ज देणाऱ्याकडून. शिवाय पहिली दोनेक वर्षं झाली की साध्या बीएस्सीकडे वळायची आणि काही ठिकाणी बीएस्सीतून एमकेमकडे यायचीही मुभा असते. मला तोच दुहेरी दरवाजा हवा आहे. आपल्या धोरणात 'मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट' असे दोन्ही शब्द आहेत. एक्झिटचे नियम क्रेडिटसकट छापून आले. कालिन्याच्या किंवा पुण्याच्या सलग पदवीत तिसऱ्या वर्षानंतर अंबरनाथच्या मुलीनं कुठून आत शिरायचं, त्याची पाटी अजून मला कुठे दिसलेली नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असते, पण ती नेहमी अपमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिक घेऊन त्या बीएस्सीला पहिल्या आल्या, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, आणि सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारलं. त्या हटल्या नाहीत, मग अटी घालून घेतलं. मी ही गोष्ट जरा वेगळ्या अंगानं वाचते. त्यांच्या घरात वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, त्याच बंगळूरच्या संस्थेतले. घरात दुसऱ्यांदा प्रश्न निघालाच नाही, म्हणून त्या संस्थेच्या दारापर्यंत पोचल्या तरी. तिथले शिक्षक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रयोगशाळेत काम करायला मिळालं. पुढे केंब्रिजला बटाट्यात सायटोक्रोम सी हे प्रथिन सापडलं, 1939 मध्ये अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर पीएचडी झाली. परत आल्यावर फोर्टातल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेवर काम केलं, पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. ज्यांच्या घरात रसायनशास्त्र कुणी शिकलेलं नाही, त्यांच्यासाठी ते काका आणि वडील कोण होणार? माझ्या मते ते काम पदवीच्या रचनेनं करायचं असतं.

कुणी म्हणेल, एवढे एमएस्सी झालेले केमिस्ट हवेत कुणाला? मुंबईला हवेत. या शहराच्या कडेनं बघत जा. चेंबूर-ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्या आणि खतं, ठाणे-बेलापूर रस्ता, तळोजा, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, बोईसर-तारापूर, खाली रोहा, महाड, लोटे. रसायनी नावाचं तर अख्खं गाव आहे. 1970 च्या पेटंट कायद्यानंतर आपल्या औषध कंपन्यांनी नाव कमावलं ते एकच औषध वेगळ्या वाटेनं बनवण्यात, म्हणजे निव्वळ ऑरगॅनिक केमिस्टच्या डोक्यावर आणि हातावर. 2005 नंतर उत्पादनाचंही पेटंट आलं, तेव्हापासून वाट शोधणाऱ्या माणसाची किंमत वाढली, घटली नाही.

आणि डोंबिवली. मे 2016, पुन्हा मे 2024, रासायनिक कारखान्यांतले स्फोट. दोन्ही वेळा लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसं गेली. कारणं आणि दोष ठरवणं चौकशीचं काम, त्यात मी पडत नाही. पण अशाच एका स्फोटाच्या संध्याकाळी मी टीवायच्या मुलांना फळ्यावर एक गणित घातलं. 100 मिलीलिटरच्या फ्लास्कमध्ये उष्णता सोडणारी अभिक्रिया शांतपणे होते. तीच 1,000 लिटरच्या रिअॅक्टरमध्ये करा. आकारमान 10,000 पट झालं, म्हणजे उष्णताही तेवढ्या पट. पण ती ज्यातून बाहेर पडायची तो पृष्ठभाग, आकार तोच धरला तर, 464 पटच वाढला. दर लिटरमागे उष्णता निघून जायची जागा एकविसाव्या हिश्श्यावर आली. गणित आठवीचं, घन आणि वर्ग. वर्गात शांतता पसरली. एका मुलानं विचारलं, "मॅडम, हे आपल्याला सिलॅबसमध्ये आहे?" त्याचे वडील याच पट्ट्यात ऑपरेटर आहेत. फ्लास्क आणि रिअॅक्टर यांच्यामधलं हे अंतर समजण्याचं वय आणि सवड पाचव्या वर्षाला असते. तिसऱ्या वर्षाला पोरगं सेमिस्टरमागून सेमिस्टर धापा टाकत असतं.

मुंबईत रसायनशास्त्र एकेकाळी वर्गाबाहेर पाऊल ठेवूनच वाढलं. त्रिभुवनदास गज्जर विल्सन कॉलेजात शिकवायचे, स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी चालवायचे. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला 1896 मध्ये डांबर फासलं गेलं, तेव्हा ते डाग काढायला सरकारला शेवटी त्यांच्याकडेच यावं लागलं. (डांबर फासणाऱ्या चापेकर बंधूंबद्दल आपल्याला आदर, डाग काढणाऱ्याबद्दलही. रसायनशास्त्राला बाजू नसते, द्रावक लागतो.) त्यांच्या विद्यार्थ्यांतून पुढे बडोद्याची अलेम्बिक उभी राहिली. 1933 मध्ये विद्यापीठानं काढलेला यूडीसीटी विभाग, आजचं माटुंग्याचं आयसीटी, हाही उद्योगाशी घसट ठेवूनच मोठा झाला. तिथून माशेलकर आले, तिथूनच कितीतरी कारखान्यांचे मालकही.

मग पाचव्या वर्षाची जागा शोधायला दूर कशाला जायचं? कुलाब्याला टीआयएफआर, फोर्टात इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, माटुंग्याला आयसीटी, कालिन्याला विद्यापीठ, पवईला आयआयटी, ट्रॉम्बेला बीएआरसी. एवढी रसायनशास्त्राची घरं एका लोकलच्या पासात देशात आणखी कुठे बसतात, मला शंका आहे. पवईच्या उपकरण केंद्रात बाहेरचे नमुने पैसे भरून तपासून मिळतातच. कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या पाच-सहा महाविद्यालयांनी मिळून एक सलग पदवी चालवावी, पहिली तीन वर्षं आपापल्या घरी, चौथ्याला एकत्र, पाचव्याला यांपैकी एखाद्या प्रयोगशाळेत किंवा कारखान्याच्या आर अँड डीत, आणि चौथ्यापासून विद्यावेतन. त्यातला वाटा उद्योगांनी उचलावा. नाहीतरी नव्या केमिस्टला पहिले सहा महिने ते पगार देऊन शिकवतातच. हा काही मोठा शोध नाही. अडतं ते लहान गोष्टींवर. मंजूर पदं भरलेली नाहीत, निम्मे शिक्षक सीएचबीवर, म्हणजे तासागणिक पैसे घेऊन दुसऱ्या कॉलेजला पळणारे. त्यांना "रात्री आठपर्यंत मुलांजवळ थांब" कुठल्या तोंडानं सांगायचं? आमच्या प्रयोगशाळेची किल्ली एकाच असिस्टंटकडे असते, दुसरं पद रिकामं आहे. त्याला साडेपाचची बदलापूर पकडायची असते. सव्वापाचला तो दिवे मालवायला लागतो आणि रात्रभर ढवळायला ठेवण्यासारखी कुठलीही अभिक्रिया आमच्याकडे सव्वापाचला मरते.

अंबरनाथच्या त्या बाईंना मी त्या दिवशी काय सांगितलं? एमएस्सी कराच, असं छातीठोकपणे सांगता आलं नाही. फी सांगितली, शिष्यवृत्तीचे अर्ज सांगितले, दोन वर्षांनी काय मिळू शकेल तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "विचारते घरी." मुलगी काही बोलली नाही. जूनमध्ये ती बदलापूरला एका कंपनीत लागली. परवा तिचा मेसेज आला.

"मॅडम, इथे एचपीएलसीची मशीनं तीन आहेत. मला अजून नमुन्यांच्या व्हायलच भरायला देतात. माझं जर्नल तुमच्याकडे राहिलंय, सही केलीत का?"